मुख्य कारखाना व त्याचे पुरवठादार : १९३९ च्या एका खरेदी-नियमाचा विचार

गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी कागदांचें एक बाड घेऊन आमच्या घरीं आला. भोसरीस त्याचें लहानसें वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिलिंग यंत्र व चार माणसें एवढाच त्याचा पसारा. पंपांना लागणारे पितळी बुश करून एका मोठ्या कारखान्यास पुरविण्याचें काम त्यानें अकरा वर्षें केलें व पुढें तें त्याच्या हातून गेलें. “सर, तुम्ही मोडी वाचतां, तर हेंहि वाचा आणि माझें कोठें चुकलें तें सांगा,” असें म्हणून त्यानें तें बाड आमच्यापुढें ठेवलें. त्यांत मालाच्या मागण्या होत्या, दर कमी केल्याचीं पत्रें होतीं, ‘रिजेक्ट’ असा तांबडा शिक्का मारलेल्या पावत्या होत्या. मोठ्या कारखान्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. यंत्रविद्या आम्हांस येत नाहीं. तथापि कागद तो कागदच. तो पेशवाईंतला असो वा परवांचा असो, त्याला विचारावयाचे प्रश्न तेच : कोणीं लिहिला, कोणत्या अधिकारानें लिहिला, आणि काय लिहावयाचें टाळलें.

त्या बाडाच्या निमित्तानें एक शंका मनांत उभी राहिली. मोठा कारखानदार आपणांस माल पुरविणाऱ्या लहानांस निवडतो आणि टाकतो, हें नित्य दिसतें. पण त्यांस शिकवून, स्पर्धेंत टिकतील असे करून, तो आपल्याबरोबर पुढें नेतो असें कोठें घडलें आहे काय? घडलें असल्यास त्यास लेखी आधार कोणता? कंपन्यांनीं आपल्या वर्धापनाच्या निमित्तानें लिहवून घेतलेले इतिहास पुष्कळ आहेत. परंतु असा इतिहास ही एक प्रकारची बखरच होय. तिचा उपयोग आहे. अस्सल कागदाची जागा मात्र ती घेऊं शकत नाहीं.

मोठा घेणारा व लहान देणारा यांच्या व्यवहाराचें जें उदाहरण आमच्या वाचकांस प्रथम आठवेल, तें इंग्रजी कंपनीचें. बंगाल्यांत कंपनी आपलें कापड दादनी व्यापाऱ्यांच्या मार्फत घेत असे. इ. स. १७५३ मध्यें तिनें ती रीत सोडून आपले गुमास्ते नेमले व विणकरांशीं थेट व्यवहार आरंभिला. मधला दलाल गेला म्हणजे विणकराचें भलें व्हावें, असें वरवर पाहतां वाटेल. झालें उलट. विल्यम बोल्ट्स यानें १७७२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गुमास्त्यांनीं विणकरांच्या गळ्यांत आगाऊ रकमा बांधाव्या, दर आपणच ठरवावा व दुसऱ्यास माल विकूं देऊं नये, असें सविस्तर वर्णिलें आहे. रेशीम उकलणाऱ्यांनीं या जाचांतून सुटण्यासाठीं स्वतःचे आंगठे कापून घेतल्याची प्रसिद्ध हकीकत त्याच्याच ग्रंथांतली. बोल्ट्स हा कंपनीनें हांकून दिलेला नोकर. त्याच्या लेखणींत विष आहे हें ध्यानांत ठेवूनच ती वाचली पाहिजे. तथापि व्यवहाराचा जो सांगाडा तो दाखवितो तो इतर साधनांवरूनहि खरा ठरतो : घेणाऱ्यानें देणाऱ्यास बांधून घेतलें, पण त्याच्या हातांत नवें कौशल्य किंवा नवें यंत्र यांपैकीं कांहींच घातलें नाहीं.

याहून फार जुना असा दुसरा नमुना कौटिल्याच्या सूत्राध्यक्ष-प्रकरणांत सांपडतो. शामशास्त्री यांनीं म्हैसूरच्या पोथीवरून १९०९ मध्यें अर्थशास्त्र छापलें तेव्हांपासून या प्रकरणाची चर्चा होत आली आहे. सूत कातणाऱ्या विधवा, अपंग स्त्रिया व कन्या यांना सुताचा बारीकपणा-जाडेपणा पाहून वेतन द्यावें. चांगलें काम करणाऱ्यांस तेल व आंवळकाठी देऊन संतोषवावें. सणाच्या दिवशीं काम घेतल्यास मान-दान करावें. काम, काळ व वेतन ठरवून कारागिरांकडून काम करून घ्यावें व त्यांच्याशीं ‘प्रतिसंसर्ग’ ठेवावा, असें तेथें सांगितलें आहे. हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. संसर्गांत देखरेख आली तशीच जवळीकहि आली. अर्थात् वेतन घेऊन काम न करणारीचा आंगठा छाटावा हेंहि त्याच प्रकरणांत आहे, तेव्हां कौटिल्यास उगाच दयाळू ठरविण्याचें कारण नाहीं. घरीं बसून काम करणाऱ्याशीं केवळ दरानें बांधलें जाऊन भागत नाहीं, इतकें त्यास दिसलें होतें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. ज्या कारखान्याच्या कागदांत आम्हांस आमच्या शंकेचें उत्तर सांपडलें तो जपानांतील टोयोटा मोटार कारखाना होय.

या घराण्याचा मूळ धंदा मागांचा. साकिची टोयोडा हा १८६७ मध्यें जन्मलेला सुताराचा मुलगा. त्यानें पुष्कळ खटपटीनें माग सुधारीत सुधारीत १९२४ मध्यें आपोआप चालणारा माग सिद्ध केला, आणि १९२९ मध्यें लँकेशायरांतील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या नामांकित पेढीनें त्याचे हक्क विकत घेण्याचा करार केला. ज्या लँकेशायरच्या कापडानें आमच्या साळ्या-कोष्ट्यांचे माग बसविले, त्याच लँकेशायरनें एका जपानी सुताराच्या मुलाकडून माग शिकावा, ही गोष्ट आमच्या वाचकांस गंमतीची वाटेल. साकिचीचा मुलगा कीइचिरो यानें १९३३ मध्यें मागाच्या कारखान्यांतच मोटारीचें खातें उघडलें, ऑगस्ट १९३७ मध्यें स्वतंत्र कंपनी स्थापिली व १९३८ च्या अखेरीस कोरोमो गांवीं मोठा कारखाना सुरू केला. हेंच गांव १९५९ पासून टोयोटा या नांवानें ओळखलें जातें.

मोटार म्हणजे सहस्रावधि सुट्या भागांचा समुच्चय. आजच्या मोटारींत बारीक खिळ्यापासून मोजले तर ते सुमारें ३०,००० भरतात असें सांगतात. इतके सर्व भाग एका छपराखालीं करणें कोणासच साधत नाहीं. आणि त्या काळच्या जपानांत हे भाग नीट करून देणारे कारखाने जवळ जवळ नव्हतेच. लोहार, ओतारी, लहान यंत्रशाळा होत्या. त्यांचा माल एकसारखा येत नसे. अशा वेळीं कीइचिरोपुढें दोन मार्ग होते. रोज नवा माल पुरविणारा धुंडाळावा व जो स्वस्त देईल त्याजकडून घ्यावें. किंवा थोडे निवडून त्यांनाच तयार करावें. इ. स. १९३९ मध्यें कंपनीनें आपल्या खरेदी-खात्यासाठीं जे नियम केले त्यांत दुसरा मार्ग पत्करलेला दिसतो. नियमाचा आशय असा : एकदां आपला पुरवठादार म्हणून ज्यास नेमिलें त्यास आपल्याच कारखान्याची शाखा समजावें, त्यास सोडून दुसऱ्याकडे न जातां त्याच्याशींच व्यवहार चालू ठेवावा, आणि त्याचें काम उंचावण्याचा होईल तितका प्रयत्न करावा.

हा नियम वाचतांना आम्हांस मीमांसकांचे पाठक्रम व अर्थक्रम हे दोन शब्द आठवले. वाक्यें ज्या क्रमानें लिहिलीं त्याच क्रमानें क्रिया घडावी असें नेहमींच नसतें; येथें मात्र दोन्ही क्रम एक आहेत. प्रथम आपला मानणें, मग न सोडणें, आणि त्यानंतर सुधारणें. तिसरी क्रिया पहिल्या दोहोंवांचून घडत नाहीं. कां घडत नाहीं, हें उघड आहे. लहान कारखानदाराच्या घरांत कोठें वेळ वाया जातो, कोठें माल फुकट जातो, हें त्याचें गुपित असतें. तेंच त्याचें वाटाघाटींतलें शस्त्र. उद्यां जो आपणांस सोडून जाणार, किंवा आज पाहिलेल्या उणिवेवर उद्यां दर कापणार, त्यास तो आपलें घर दाखवील कशाला? आणि न दाखविलेलें घर सुधारावयाचें कसें? वैद्यास नाडी दाखविल्याशिवाय औषध मिळत नाहीं, पण वैद्यच सावकार असेल तर रोगी हात पुढें करीत नाहीं.

नियम लिहिणें निराळें व पाळणें निराळें, हें खरें. म्हणून पुढील कागद व घडामोडी पाहिल्या पाहिजेत. त्याच वर्षीं, नोव्हेंबर १९३९ मध्यें, पुरवठादारांचें पहिलें संमेलन भरलें. १९४३ मध्यें त्या मंडळास ‘क्योहोकाई’ हें नांव मिळालें. तें आरंभीं बव्हंशीं स्नेहसंमेलनच असावें. युद्धानंतर कंपनी दिवाळ्याच्या कांठावर आली. १९५० मध्यें मजुरांशीं मोठा झगडा होऊन कीइचिरोस अध्यक्षपद सोडावें लागलें, व १९५२ मध्यें तो वारला. याच सुमारास ऐची प्रांताच्या शासनानें मुख्य कारखाना व त्याचे पुरवठादार या दोहोंची एकत्र तपासणी करविली. मंडळास खरा अभ्यासी वळण लागलें तें या तपासणीनंतर. टोयोटानें १९६१ मध्यें मालाच्या गुणवत्तेची पद्धतशीर चळवळ हातीं घेऊन १९६५ मध्यें डेमिंग पारितोषिक मिळविलें. लगेच तीच विद्या पुरवठादारांत नेण्याची व्यवस्था केली, आणि १९६९ पासून त्यांच्यासाठीं स्वतःचें निराळें पारितोषिक ठेविलें. एक मौज येथें सांगावयास हवी. १९४९ मध्यें टोयोटापासून वेगळा काढलेला विजेच्या उपकरणांचा कारखाना, ज्यास आज डेन्सो म्हणतात, त्यानें हेंच डेमिंग पारितोषिक १९६१ मध्यें, म्हणजे मूळ घराच्या चार वर्षें आधीं, मिळविलें. शिकविणारा एक व शिकणारा दुसरा अशी सरळ वांटणी तेथें नव्हती.

यापुढील शिकवणीचा पुरुष म्हणजे ताइइची ओनो. हा १९३२ मध्यें टोयोडाच्या सूतगिरणींत लागला व १९४३ मध्यें मोटारीच्या कारखान्यांत आला. त्याची ‘कानबान’ पद्धति आतां सर्वत्र ठाऊक आहे. कानबान म्हणजे पाटी किंवा चिठ्ठी. पुढच्या कारागिरानें जेवढे भाग वापरले तेवढ्यांचीच चिठ्ठी मागें जाते व मागचा तेवढेच करून पाठवितो. चिठ्ठीवांचून कांहीं करावयाचें नाहीं. टोयोटाच्या स्वतःच्या सर्व कारखान्यांत ही रीत १९६०-७० या दशकाच्या आरंभीं रुळली व १९६५ पासून ती पुरवठादारांस लागूं झाली.

येथेंच खरा पेंच आहे. मुख्य कारखान्यानें “रोज थोडें थोडें, वेळेवर आणा” अशी चिठ्ठी पाठविली, आणि पुरवठादाराचें यंत्र मात्र जुन्या चालीनें एका वेळीं महिन्याचा माल करीत राहिलें, तर काय होईल? मालाची रास मुख्य कारखान्याच्या कोठारांतून उठून लहानाच्या कोठारांत जाऊन बसेल, आणि तिचें व्याज लहानाच्या माथीं. म्हणून प्रेसमधला डाय झटपट बदलतां येणें, ज्यास आमचा विद्यार्थी ‘सेटिंग’ म्हणतो, हें या सर्व विद्येचें मर्म ठरलें. ओनोच्या सांगण्याप्रमाणें जें काम १९४५ नंतरच्या दशकांत दोन-तीन तास घेई, तें पुढल्या दशकांत पाव तासावर व १९७० नंतर तीन मिनिटांवर आलें. हें शिकविल्यावांचून चिठ्ठी पाठविणें म्हणजे केवळ ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर देणें होय.

तें शिकविण्यासाठीं १९७० च्या सुमारास ओनोनें एक निराळें खातें उभारिलें. त्यांतील अनुभवी माणसें पुरवठादाराकडे जात, दिवसचे दिवस यंत्रापाशीं उभीं राहत, व उणीव दाखवून ती दूर करण्याचा उपाय कारागिरांकडूनच काढवीत. या शिकवणीचें मोल घेतलें जात नसे. आणि, आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट, हें खातें खरेदी-खात्यापासून अलग होतें. शिकवावयास आलेला माणूस दर ठरवीत नसे, व सुधारणेमुळें झालेली बचत लागलीच दरांतून कापून घेतली जात नसे. यापुढें जाऊन १९७७ च्या सुमारास प्रमुख पुरवठादारांचे ‘जिशुकेन’ नांवाचे अभ्यासगट निघाले. एकेका गटांत पांच ते आठ कारखाने; एकमेकांचे प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी शक्यतों एका गटांत नसत. गटानें आज याच्या, कांहीं आठवड्यांनीं त्याच्या कारखान्यांत जाऊन प्रत्यक्ष काम पाहावें व सुधारावें. आमच्याकडील शास्त्री-मंडळींच्या वादसभेशीं याची तुलना करण्याचा मोह होतो. भेद एवढाच कीं तेथें जिंकण्याची सोय नाहीं.

आतां दुसरी बाजू. ती न सांगणें म्हणजे आपणहि बखरकार होणें. या शिकवणीबरोबर दाबहि होता. ठराविक काळानें दर खालीं आणावेच लागत. बहुतेक भागांना एकाहून अधिक पुरवठादार ठेवून त्यांत चुरस लावली जाई. जो मागें पडे त्याचा वांटा घटे. अगदीं तळाच्या पायरीवरील घरगुती कारखान्यांपर्यंत शिकविणारे पोंचत नसत, दाब मात्र पोंचे. लहानांचे पैसे थकवूं नयेत म्हणून जपानांत १९५६ मध्येंच कायदा करावा लागला होता, आणि १९७७ च्या सुमारास कानबान म्हणजे लहानांवर ओझें ढकलण्याची युक्ति आहे अशी टीका जपानच्या संसदेंत झाली. सातोशी कामाता या पत्रकारानें तर १९७२ मध्यें टोयोटांत हंगामी मजूर म्हणून काम करून तेथील कष्टांचें जें चित्र पुढल्या वर्षीं प्रसिद्ध केलें, तें कंपनीच्या इतिहासाशेजारीं ठेवूनच वाचावें. तात्पर्य, १९३९ च्या नियमांत ‘शाखा’ हा शब्द आहे. ‘भाऊ’ हा नाहीं.

मग या नियमाची खरी कसोटी कोणती? सुदैवानें, किंवा दुर्दैवानें म्हणा, ती तारीख-वारासह उपलब्ध आहे. शनिवार, १ फेब्रुवारी १९९७ रोजीं पहाटें कारिया येथील आइसिन या पुरवठादाराच्या पहिल्या क्रमांकाच्या कारखान्यास आग लागली. ब्रेकमधील दाब सांभाळणारी एक लहानशी झडप तेथें होई. टोयोटास लागणाऱ्या या झडपांपैकीं जवळ जवळ सर्व, दिवसाला ३२,००० हून अधिक, या एकाच ठिकाणाहून येत. शिल्लक साठा कांहीं तासांचा. सर्व अंडीं एका टोपलींत ठेवण्याची ही चूक टोयोटाची स्वतःचीच होती, आणि शिलकी साठा ठेवूं नये या त्याच्या प्रिय तत्त्वानें तिचा परिणाम वाढविला. तीन-चार दिवसांत देशांतील त्याच्या बहुतेक मोटारींचें काम थांबलें.

त्यानंतर जें झालें तें विलक्षण आहे. आइसिननें नकाशे मागेल त्यास दिले. ज्यांनीं जन्मांत ही झडप केली नव्हती असे साठांहून अधिक कारखाने ती करूं लागले. त्यांस हत्यारें व सुटे तुकडे पुरविणारे धरले तर संख्या दीडशेंच्या वर जाते. त्यांत शिवणयंत्रें करणारा ब्रदर हा कारखानाहि होता. खास यंत्रें जळालीं होतीं. म्हणून साध्या यंत्रांवर, निरनिराळ्या रीतींनीं, प्रत्येकानें आपली वाट काढली. दर काय मिळेल हें कोणी आधीं ठरवून घेतलें नाहीं. आगीनंतर चार दिवसांच्या आंत पहिल्या चांगल्या झडपा हातीं आल्या, सहा तारखेपासून मोटारी पुन्हां निघूं लागल्या, आणि आणखी थोड्याच दिवसांत काम पूर्ववत् झालें. आइसिननें सर्वांचा खर्च भरून दिला. टोयोटानें आपल्या प्रमुख पुरवठादारांस त्या तिमाहीच्या व्यवहाराच्या शेंकडा एक प्रमाणें, एकूण सुमारें १५ अब्ज येन, वर दिले.

एकमेकांच्या कारखान्यांत उभे राहून काम पाहण्याची वीस वर्षांची संवय ज्यांस नाहीं, त्यांस चार दिवसांत परक्याची झडप करतां आली नसती, असें आमचें मत आहे.

हीच विद्या टोयोटानें १९९२ मध्यें अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत नेली व तेथें पुरवठादारांस शिकविण्याचें केंद्र काढलें. तेथील अभ्यासकांस पुढें असें आढळलें कीं, एकच पुरवठादार, एकाच छपराखालीं, टोयोटासाठीं केलेल्या मालांत जितका सरस ठरतो तितका तो दुसऱ्या मोटार-कंपनीसाठीं केलेल्या मालांत ठरत नाहीं. माणसें तींच, पण दुसऱ्या घेणाऱ्यांचे नियम व रीति त्या सुधारणेस आड येत. आमच्या देशांत टोयोटा आली ती १९९७ मध्यें किर्लोस्कर समूहाशीं भागीदारी करून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें औंध संस्थानांत वसविलेल्या वाडीपासून बंगळूरनजीकच्या बिडदीच्या मोटार-कारखान्यापर्यंतची ती वाट निराळ्या लेखाचा विषय आहे.

असो. भोसरीच्या बाडाकडे येऊं. तें आम्हीं दोनदां वाचलें. अकरा वर्षांच्या त्या कागदांत मोठ्या कारखान्याचा कोणी माणूस वर्कशॉपांत येऊन लेथपाशीं उभा राहिल्याचा उल्लेख एकच आहे, आणि तोहि त्यांच्या पत्रांत नव्हे. सहाव्या वर्षींच्या एका पावतीच्या पाठीवर आमच्या विद्यार्थ्याच्या हातची टांचणी आहे : एक तरुण इंजिनिअर आले, दोन दिवस राहिले, हत्यार लावण्याचा क्रम बदलून दिला; रिजेक्ट शेंकड्यास नऊ होते ते दोनावर आले. टांचणीच्या शेवटीं त्या तरुणाचें नांव असून त्यापुढें ‘फार चांगला मुलगा’ असें लिहिलें आहे. त्याच्या पाठोपाठचा कागद मोठ्या कारखान्याच्या खरेदी-खात्याचा, अडीच महिन्यांनंतरचा. सुधारलेल्या कामाचा त्यांत स्पष्ट उल्लेख करून त्याच कारणास्तव दर शेंकडा सात कमी केला आहे. विद्यार्थ्यास विचारतां तो म्हणाला कीं, तो मुलगा पुढल्या वर्षीं पुन्हां आला होता; मीं त्यास बाहेरच चहा पाजून परत पाठविला.

हे दोन्ही कागद, पावतीची पाठ धरून, त्याच्या अनुज्ञेनें आम्हीं नकलून ठेविले आहेत. मूळ त्याच्यापाशीं आहेत.